सातव्या पायरीवरची काकू

माझ्या बाहुल्यांमध्ये अनोळखी माणूस एकही नाही. बघायला येणारे विचारतात, इतके चेहरे तुम्हाला सुचतात कुठून? सुचतात कसले, डोंबल! ज्यांनी ज्यांनी मला आयुष्यात छळलं, त्यांना मी एकेक करून कागदाच्या लगद्यात बुडवून काढलं आहे. शाळेत सगळ्या वर्गासमोर माझी चित्रांची वही टराटरा फाडणाऱ्या बाई माझ्या भाजीवालीच्या चेहऱ्यात आहेत. येता-जाता माझ्या वेणीला हात लावणारा गल्लीतला शिंपी आज मल्लेश्वरमच्या एका घरात गाढवामागे काठी घेऊन उभा आहे, आणि त्या घरातल्यांना तो फार आवडतो. त्या दोघांना हे कधी कळणार नाही. मला कळतं, तेवढं पुरे.

पण माझा पहिला आणि खरा वार होता तो काकूवर. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि एका शाळेत चित्रकला शिकवत होते.

आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या वर. पाच पिढ्या आम्ही बेंगळुरात. मराठी फक्त घरात, आणि तीही अशी, की पुण्याहून नोकरीला आलेली माणसं ती ऐकून गालातल्या गालात हसायची. दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं. घर काकूचं. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. तेव्हापासून आई आणि मी त्या घरात होतो ते काकूच्या मर्जीने, आणि या मर्जीची आठवण ती आम्हाला दिवसातून दोनदा तरी करून द्यायची. "आम्ही आहोत म्हणून..." एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य कधी पुरं करायची नाही. आई मान खाली घालून "हो अक्का" म्हणायची. मी काकूला समोर 'तुम्ही' म्हणायचे, मनात कधीच नाही.

नवरात्रात आमच्याकडे बाहुल्या मांडतात. इथे त्याला गोंबे हब्ब म्हणतात, आणि इथल्या जुन्या मराठी घरांनी तो सण कधीचाच आपला करून टाकलाय. नऊ पायऱ्या, त्यांवर धुतलेलं पांढरं कापड, सगळ्यांत वर लाकडाचे राजा-राणी. त्यांच्या खाली देव, मग आपलं धान्याचं दुकान थाटून बसलेले शेट्टी-शेट्टीण, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे देखावा. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येतात, घरोघरच्या मांडण्या बघतात आणि कुणाची सरस झाली यावर पुढचं वर्षभर बोलतात. एक नियम मात्र कडक. पहिल्या दिवशी पूजा झाली, की मांडलेली बाहुली दशमीपर्यंत जागची हलवायची नाही. कलंडली तरी नाही, तुटली तरी नाही.

वरची राजा-राणीची जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. आईलाही मिळाली होती. रक्तचंदनाची, हातभर उंच, राणीच्या नाकात खऱ्या मोत्याची चमकी. वडील होते तोवर ती काकूच्या जोडीशेजारी वरच्या पायरीवर उभी असायची. ते गेले त्या वर्षी काकूने ती जोडी जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवायला लावली, आणि त्याच वर्षीपासून संध्याकाळी आईला पुढच्या खोलीत यायचं बंद झालं. विधवा बाईचं हळदीकुंकवात काय काम! दहा दिवस चाळीस-चाळीस बायकांची उसळ मात्र तिनेच शिजवायची, खोबरं तिनेच खवायचं, आणि बायकांची चाहूल लागली की स्वैपाकघराचं दार लोटून आत बसायचं. मी दारात उभी राहून ताटल्या इकडून तिकडे द्यायचे. कधी कधी मी चिडून दार सताड उघडं टाकायचे. आई आतून हलकेच ते लोटून घ्यायची.

"तुझ्या लग्नात ती जोडी तुझी," एवढं एक आई मला सांगत आली होती. दुसरं देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकूच्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्यासाठी नवी जोडी आणायला अण्णा लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणला निघाले होते. काकू म्हणाली, "कशाला? हल्लीच्या लाकडात दम नाही. ही धाकटीची आहे की पडून. तिला आता कशाला लागते?" सगळ्यांसमोर म्हणाली. चहा पीत होतो आम्ही. मी आईकडे बघत राहिले. आता तरी ही काही बोलेल, निदान कप तरी आपटेल. आई उठली, ट्रंक उघडली, दोन्ही बाहुल्या खोबरेल तेलाने पुसल्या, राणीची चमकी सैल झाली होती ती चिमटीने घट्ट केली, आणि जोडी काकूच्या हातात नेऊन दिली.

"आई, ती माझी होती," मी नंतर म्हटलं.

"जाऊ दे गं."

"किती वेळा जाऊ द्यायचं?"

"आपल्याला राहायचंय ना इथे," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. मला काकूचा संताप आला होताच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी आईचाही आला होता.

लग्नात काकूने ती जोडी भर मांडवात मुलीच्या ओटीत घातली. बायका म्हणाल्या, "केवढी जुनी जोडी! काय मोठं मन आहे हो अक्कांचं!" काकूने पदर सावरला. आई मागे लाडू वळत होती. मी तिथेच ठरवलं, हिचा वचपा काढल्याशिवाय राहायचं नाही. ही बाई काय आहे ते याच बायकांना दाखवायचं. पण कसं? काकूसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझ्याकडे होते ते फक्त हात.

आणि गंमत बघा, हत्यार काकूनेच आणून दिलं. श्रावणात मला हाक मारून म्हणाली, "ह्या वर्षी काहीतरी वेगळं कर गं. गेल्या वर्षी जयनगरच्या त्या बाईने म्हैसूरची अख्खी मिरवणूक मांडली. हत्ती सोंडा हलवत होते! माझ्या नाकावर टिच्चून गेली. आपण लग्न मांडू. आपल्याच घरचं लग्न. सगळी माणसं हुबेहूब पाहिजेत हं."

"हुबेहूब?" मी विचारलं.

"म्हणजे काय! बघणाऱ्याने नाव घेतलं पाहिजे."

"सरी, चालेल," मी म्हटलं. त्या दिवशी मला जेवण दोन घास जास्त गेलं.

दोन महिने मी शाळेतून आले की गच्चीवर बसायचे. दुकानातली कन्नड वर्तमानपत्रं फाडून तीन दिवस भिजत घालायची, कुटायची, मेथीची पूड घालून लगदा मळायचा, वर चिंचोक्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, मग पांढऱ्या रंगाचा एक हात, मग बाकीचे रंग. बाकीच्या बाहुल्या भराभर झाल्या. काकूच्या एकट्या नाकाला मला अकरा दिवस लागले. जेवायला समोर बसली की मी तिच्यावरची नजर काढायचे नाही. बोलताना तिच्या नाकाचा शेंडा खाली येतो, कुणाचं चांगलं ऐकलं की नाकपुड्या फुगतात, हे मी अठरा वर्षं बघत होते, पण आता डोळ्यांत तेल घालून बघत होते. हनुवटीवरचा तीळ केला. तिळावरचे दोन केस ब्रशचे उपटून लावले. कमरेला पितळी तारेचा किल्ल्यांचा जुडगा लटकवला. तिच्या जांभळ्या रेशमी साडीचा काठ दुकानातल्या तुकड्याचाच घेतला. "काय वेड लागलंय पोरीला," काकू कौतुकाने म्हणायची. हो, लागलंच होतं.

देखावा असा होता. सातव्या पायरीवर मधोमध काकू, छाती काढून, दोन्ही हातांत राजा-राणी. राणीच्या नाकात मी मोत्याएवढा पांढरा ठिपका दिला होता. समोर तिची मुलगी वाकलेली. बाजूला अण्णा, कान कोरत, भलतीकडे बघत. आणि मागे कोपऱ्यात चूल, चुलीपाशी वाकलेली माझी आई, पाठमोरी. तिच्या पायाशी उघडी रिकामी ट्रंक आणि ट्रंकेतून बाहेर लोंबणारं धोतर. मी हिशेबच मांडला होता. ट्रंक बघितली की बायकांना जोडी कुणाची ते समजणार. चाळीस बायका म्हणजे चाळीस जिभा. तिसऱ्या दिवसापर्यंत चिकपेटपासून जयनगरपर्यंत काकूची अब्रू धुतली जाणार. आणि नियमाप्रमाणे तिला दहा दिवस ती बाहुली हलवता येणार नाही. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांनी स्वतःपुढे निरांजन ओवाळावं लागणार!

पूजा होईपर्यंत मी सातव्या पायरीवर फडकं टाकून ठेवलं होतं. घंटा थांबली, आणि मी फडकं ओढलं. काकूने चष्मा लावला, पुढे वाकली आणि बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. "तुम्हीच म्हणालात, हुबेहूब," हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं.

"अय्यो!" काकू म्हणाली. "ही मी?"

"हो."

"देवा रे, तीळसुद्धा!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, इकडे या की! बघा, कशी दिसते मी. राणीच दिसते की नाही? किती थाटात देतेय बघा जोडी!"

आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. कुणी थोबाडीत मारली असती तर मला परवडलं असतं.

आईने ती मांडणी त्याच सकाळी, झाडायला आली तेव्हा पाहिली. "छान झालंय," म्हणाली. "अक्कांचं नाक अगदी तसंच." मग केरसुणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "उद्यापासून ही खोली तू झाडशील का?" सकाळी तिला त्या खोलीत यायची मोकळीक असायची, तरी त्यानंतर दहा दिवस ती आली नाही. मला वाटलं, काकूचं तोंड बघायला नको म्हणून.

बायका आल्या. आणि बातमी खरंच चिकपेटपासून जयनगरपर्यंत गेली, पण कुठली? "अक्कांची बाहुली बघून या, आत्ता बोलेल असं वाटतं." काकूने दुकानातून कापड मोजायचा गज आणवला होता. गजाने दाखवायची, "ही मी. हे आमचे हे. ही आमची मुलगी." बायका खो खो हसायच्या, नाकाकडे बघायच्या, तीळ बघायच्या. काही जणी दुसऱ्या दिवशी सुनांना घेऊन परत यायच्या. मी ताटल्या देत देत मनात प्रत्येकीला म्हणत होते, अगं बये, मागे बघ, ट्रंक बघ! एकीची नजर तिथे जाईल तर शपथ. मेल्यांनो, डोळे आहेत का बटणं? माझा नुसता जळफळाट चालला होता.

सहाव्या दिवशी बळेपेटच्या एक वयस्क बाई आल्या. त्यांनी मांडणी नीट, सावकाश पाहिली. मग बोट दाखवून विचारलं, "आणि ही मागे कोण, अक्का?"

मी दारातच होते, हातात उसळीच्या चार ताटल्या. माझ्या मागे दार अर्धवट लोटलेलं, आणि दारामागे आई.

काकूने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "ती होय? लग्नघर म्हटलं की स्वैपाकाला असतंच की कुणीतरी."

"आणि ट्रंक उघडी कशी?"

"पसारा हो! लग्नघरात पसारा व्हायचाच."

हीच ती वेळ होती. याच प्रश्नासाठी मी दोन महिने बोटं झिजवली होती. वाक्य पाठ होतं माझं. ती माझी आई आहे, आणि ती जोडी तिची आहे, तुम्ही तिच्या ट्रंकेतून काढून घेतलीत. तीन तुकड्यांचं वाक्य. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पण काय नाक केलंयस गं! तुझ्या हातात काहीतरी आहे हं, मुली."

आणि मी म्हणाले, "त्याला अकरा दिवस लागले."

एवढंच म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. मी थांबले नाही. लगदा कसा मळला, नाकपुड्या आतून कशा कोरल्या, तिळाचे केस कशाचे, सगळं सांगत बसले. बायका गोळा झाल्या. काकूने अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. उसळ ताटल्यांत निवली.

मी आत आले तेव्हा आई खोबरं खवत होती. लोटलेल्या दारातून सगळं ऐकू जातं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ती म्हणाली, "आणखी दोन ताटल्या लागतील ना?" मी म्हटलं, "हो." पुढचे चार दिवस मी सगळ्यांवर राग काढला. शाळेतल्या मुलींना ओरडले, अण्णांना उलट बोलले, आणि सणाच्या शेवटपर्यंत काकूच्या बाहुलीकडे बघून मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. आपण तोंड का उघडलं नाही, याचा विचार मात्र मी करत नव्हते.

दशमी झाली, सण संपल्याची खूण म्हणून राजा-राणीला आडवं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू मुलीकडे गेली आणि बाहुल्या आवरायचं काम नेहमीप्रमाणे आईकडे आणि माझ्याकडे आलं. आई दहा दिवसांनी पुढच्या खोलीत आली. पायऱ्यांपुढे फतकल मारून बसली आणि तिने सातव्या पायरीपासून सुरुवात केली. आधी काकू उचलली. मऊ जुन्या साडीचा तुकडा घेतला, नाकाला धक्का लागू नये म्हणून भोवती कापूस लावला, आणि तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसं तिला गुंडाळलं.

"एवढं कशाला जपतेस तिला?" मी खेकसले. "फेकून दे!"

"तुझी मेहनत आहे त्यात," आई म्हणाली.

मग अण्णा. मग मुलगी. मग तिने चुलीपाशी वाकलेली स्वतःची बाहुली उचलली आणि तोंड बघावं म्हणून सहज आपल्याकडे फिरवली.

तिथे काही नव्हतं. डोळे नव्हते, नाक नव्हतं, ओठ नव्हते. पांढरा हातसुद्धा मी दिला नव्हता. चेहऱ्याच्या जागी खळीने चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा तसाच होता, कसल्याशा जाहिरातीची दोन अक्षरं त्यावर वाचता येत होती.

आईने त्यावरून अंगठा फिरवला. "अगं, ह्याला तोंडच नाही," म्हणाली. रागाने नाही. दूध उतू गेलं तर सांगते, तशी म्हणाली.

"पाठमोरी होती ना ती," मी घाईघाईने म्हटलं. "तोंड कुणाला दिसणारच नव्हतं."

"हो," आई म्हणाली. "अक्कांनाही तसंच वाटतं."

मग तिने साडीचा दुसरा तुकडा घेतला, ती बाहुलीही तितक्याच काळजीने गुंडाळली आणि खोक्यात काकूच्या शेजारी ठेवली.